तांबडं मीठ : उरण ते दिघी

परत आल्यापासून तिघांनी विचारलं, रायगडचा किनारा कसा आहे, आम्हालाही जायचंय. त्यांना बोटींच्या वेळा, एसटीच्या वेळा आणि राहायच्या दोन जागा कागदावर लिहून दिल्या. पण मी त्या किनाऱ्यावर कशी फिरले ते त्या कागदात आलं नाही. तीन दिवस मी सतत घाबरलेली होते. पाण्याला थोडीशी, आणि शेजारी बसलेल्या केतकीला जास्त.

आधी आम्ही कशाला गेलो ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सांभाळते. संशोधन माझं काम नाही. रसायनं मागवणं, यंत्रं चालू ठेवणं आणि कुठली नळी कुठल्या फ्रीझरच्या कुठल्या कप्प्यात आहे याची यादी ठेवणं हे माझं काम. केतकी तिथे पीएच.डी. करते, तिचं चौथं वर्ष चालू आहे. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात पाणी आटत आटत तांबूस होतं, कारण त्यात मिठावाचून न जगणारे जिवाणू वाढतात. इतक्या खाऱ्या पाण्यात दुसरं काहीही सुकून मरेल. हे मरत नाहीत, कारण त्यांच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात प्रथिनांचे पंप बसवलेले असतात. नको असलेलं सोडियम ते बाहेर फेकत राहतात.

केतकी अशा एका पंपाची रचना शोधते आहे. बारा मळसूत्री दांड्या पडद्यातून आरपार गेलेल्या आणि त्यांच्या मधोमध एक खोबण. ती खोबण कधी बाहेरच्या बाजूला उघडते, कधी आतल्या. बाहेर उघडलेली अवस्था तिने दोन वर्षांपूर्वी पकडली, एकेका अणूच्या जागेसकट. आत उघडलेली अजून मिळालेली नाही आणि प्रबंध तिथेच अडला आहे. पंपाचा जीन दुसऱ्या, नेहमीच्या जिवाणूत घालून पाहिला, पण तिथे प्रथिन नीट घडीच घेत नाही. मूळ जिवाणूच लागतो. तो नऊ वर्षांपूर्वी आमच्या सरांनी उरणच्या एका मिठागरातून आणला होता. आजूबाजूच्या मिठागरांतही त्यांनी शोधलं होतं, पण तसा दुसरा मिळाला नव्हता.

जानेवारीत एका रविवारी उणे ऐंशीचा फ्रीझर बंद पडला. सोमवारी सकाळी दार मी उघडलं. आतलं सगळं कोमट झालं होतं.

अशा वेळेसाठी प्रत्येक नमुन्याचा दुसरा डबा समोरच्या इमारतीत ठेवायचा असा नियम आहे, आणि तो नियम मीच केलेला आहे. केतकीच्या जिवाणूच्या दुसऱ्या डब्यासमोर माझ्या यादीत बरोबरची खूण होती. पण नळ्या दोन डब्यांत वाटल्या त्या दिवशी समोरच्या इमारतीची चावी मिळाली नव्हती. मी दुसरा डबा तात्पुरता पहिल्याच्या खाली ठेवला आणि उद्या न्यायचाच आहे म्हणून खूण त्याच दिवशी करून टाकली. तो उद्या दोन वर्षं आला नाही. त्या सोमवारी पहिल्या डब्याखाली मला दुसरा दिसला. त्यातल्या दोन नळ्या मी कुणाला न सांगता पेरून पाहिल्या, काही उगवलं नाही. मग तो डबा बाकीच्या खराब मालाबरोबर निर्जंतुक करून टाकून दिला. नंतर आठवडाभर समोरच्या इमारतीत सगळ्यांनी तो डबा शोधला. मीही शोधला.

म्हणून फेब्रुवारीत उरण.

पहिला दिवस : उरण

सामान एकवीस नग होतं. रिकाम्या बाटल्या, चमचे, भिंग, लेबलं, थर्मोकोलचा डबा, गमबुटांचे दोन जोड. घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतली होती, आम्ही सोलापूरकडचे लोक त्याशिवाय वेस ओलांडत नाही. सरांनी नऊ वर्षांपूर्वी काढलेला हाती नकाशा केतकीच्या बॅगेत होता.

नकाशाप्रमाणे आम्ही जिथे पोचलो तिथे भराव होता. त्यावर कंटेनर, चार-चारच्या थप्प्या. ट्रक एकामागे एक असे उभे होते की पलीकडे खाडी आहे हे वासावरून समजायचं. केतकीने नकाशा उलटा धरून पाहिला, मग सरळ धरून पाहिला. नंतर घडी घालून बॅगेत ठेवला.

भरावाच्या टोकाला खाजणाचा, खाडीकाठच्या दलदलीचा, थोडा तुकडा राहिला होता. तिथे जुन्या वाफ्याचं पाणी साचलं असेल अशी मला आशा. मी बांधावरून उतरले आणि चौथ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. ओढावा तर डावा जाऊ लागला. चिखल गार होता आणि हळूहळू, अगदी सावकाश, वर येत होता. केतकी बांधावर पालथी झोपली, दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि मला म्हणाली, ताई, हलू नका, आडव्या व्हा. मी आडवी झाले. तिने मला ओढून काढलं. गमबूट आत राहिला. बांधावर बसून ती माझ्या पायावरचा चिखल काठीच्या तुकड्याने खरवडत होती आणि मी मनात म्हणत होते, आता सांगावं. सांगितलं नाही.

जवळच चहाची टपरी होती. चालवणाऱ्या बाईंनी माझा अवतार पाहून न विचारता पाण्याची बादली पुढे केली. मिठागराचं विचारलं तर हसल्या.

"मीठ आता ट्रकमदून येतं, बाय. आमचं मानूस ट्रक धुतं."

बोलता बोलता त्यांच्याकडून कळलं की तो आगर, म्हणजे ते मिठागर, हिरामण नावाच्या म्हाताऱ्याचा होता. भराव पडला तसा तो दिघीला लेकीकडे राहायला गेला. आणि जाताना, बाई कपाळावर हात मारत म्हणाल्या, सोबत काय नेलं तर मिठाचा डबा. दरसाल पावसानंतर नवा वाफा बांधला की गेल्या सालचं तांबडं मीठ तो त्यात पेरायचा. त्याशिवाय मीठ धरत न्हाय म्हणायचा. आगर गेला तरी बियाणं घेऊन गेला.

केतकीने चहाचा पेला खाली ठेवला. मिठाचा खडा वरून कोरडा दिसतो, पण त्याच्या आत खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात आणि त्या थेंबांत हे जिवाणू वर्षानुवर्षं जगू शकतात, हे मलाही ऐकून माहीत होतं.

मी बाईंकडून नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. हिरामणकाकांच्या लेकीने, सुनंदाने, उचलला. कोण, कुठून, कशासाठी, कधी येणार, सगळं मी दोन मिनिटांत नीट सांगितलं. ती म्हणाली, या की, परवा दुपारी जेवायलाच या. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. काम मार्गी लावलं की मला बरं वाटतं.

दुसरा दिवस : करंजा, रेवस, अलिबाग

करंजाहून रेवसला लाँच जाते. धरमतरच्या खाडीचं तोंड ओलांडायचं, वेळ फार लागत नाही. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी मधल्या फळीवर बसावं, कठड्याला बसू नये. मी मधे बसले. शेजारी एक कोळीण टोपली पायाशी ठेवून डुलक्या घेत होती, आणि लाटेने लाँच कलली की झोपेतच टोपलीवर हात ठेवायची. माझे दोन्ही हात बॅगेवर होते.

केतकी मात्र कठड्याला उभी राहून माझ्याशी बोलत होती. संस्थेत त्या दुसऱ्या डब्याची चौकशी चालली आहे, सरांनी तिला विचारलं होतं की यादीच चुकली नसेल ना. तिने त्यांना काय सांगितलं ते ती मला खुशीत सांगत होती. "मी म्हटलं, ताईंची यादी चुकत नाही सर. डबा कुणीतरी हलवलाय."

लाँच तेव्हा बरीच हलत होती. मला मळमळतंय असं तिला वाटलं आणि तिने लिंबाची गोळी दिली.

रेवसहून अलिबागपर्यंत रस्ता चांगला आहे. दोन्हीकडे वाडीतले माड-पोफळी, मधे भाताची कापून झालेली शेतं आणि त्यांत वालाचे वेल. आम्ही उतरलो त्या घरी संध्याकाळी अंगणात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरायची, भांबुर्ड्याचा पाला वरखाली घालायचा आणि मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. आमच्याकडे हुरड्याला असेच लोक जमतात, पण हुरडा भाजताना सगळं डोळ्यांसमोर असतं. पोपटीत मडकं बंद. आत शिजलं की करपलं हे फोडेपर्यंत कळत नाही. घरमालक वरून पाण्याचा थेंब टाकून आवाज ऐकत होते आणि मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, झालं का. ते म्हणाले, ताई, तुम्ही फार काळजी करता बघा.

शेंगा छान शिजल्या होत्या. मला चार गेल्या.

तिसरा दिवस : आगरदांडा, दिघी

अलिबागहून मुरुडला सकाळची एसटी, पुढे रिक्षाने आगरदांडा. तिथून दिघीला फेरीबोट, तिच्यात मोटारीसुद्धा चढतात. खाडी रुंद आहे. दूर जंजिरा दिसतो आणि सगळे तिकडे फोटो काढतात. केतकीने काढला नाही. ती बोटीत बसल्यापासून एकच हिशेब बोलून दाखवत होती. खड्यात जिवाणू जिवंत असतील तर वाढायला तीन आठवडे, प्रथिन वेगळं करायला दोन महिने, शिष्यवृत्ती संपायला सात महिने. "नाहीतर नवा विषय," ती म्हणाली. "नाहीतर सोडून घरी. बाबा म्हणालेच आहेत."

सुनंदाचं घर धक्क्यापासून दहा मिनिटांवर, मागे पाच-सहा माड. हिरामणकाका पडवीत खुर्चीवर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, पायांना मिठाच्या जुन्या चिरा. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. चहाच्या बाईंचा फोन आला होता म्हणे. "बूट ठेवून आल्या खाजनाला," ते म्हणाले. "दरसाल एक तरी बूट घेतो तो. माझे तीन घेतले."

जेवण असं होतं : तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कोळंबीचं सुकं, सोलकढी. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दाताने तोडावं लागतं, ही बोटानेच तुटते. जेवताना केतकीने काकांना पंपाचं सांगितलं. ताटाच्या कडेला बोट ठेवून दाखवलं, हा पडदा, हे बाहेरचं दार, हे आतलं. एक उघडं असताना दुसरं बंदच असतं. काकांनी घास हातात धरून ऐकलं.

"दोनी दारां एकदम उघडली तर?"

"तर बाहेरचं सगळं मीठ आत शिरेल, काका. पेशी मरेल."

"म्हंजे खांड," ते म्हणाले. खाडीचा बांध फुटून भरतीचं पाणी आत घुसतं त्याला तिकडे खांड म्हणतात, आणि बांधातल्या पाण्याच्या दाराला उघाडी. "उघाडीला आमी एकच फली ठेवतो, ती पन भरतीला आपली आपन मिटते. तुज्या किड्यानं दोन बसवल्या. हुशार हाय." मग मला विचारलं, "आनि ह्या बाय काय करतात?"

केतकी म्हणाली, ताई आमचं सगळं सांभाळतात. मी बिरडं वाढून घेतलं.

हात धुतल्यावर सुनंदा आतून मीठ घेऊन आली. मिठाची देवघेव हातोहात करायची नाही हे आमच्याकडेही आहे. तिने केळीच्या पानावर ते जमिनीवर ठेवलं आणि बाजूला सरली.

मीठ पांढरंशुभ्र होतं.

मी केतकीकडे पाहिलं. तिने हळूच विचारलं, सुनंदाताई, हे तांबडं होतं ना. सुनंदा म्हणाली, व्हय, तांबडं, चिखलाचं, कचरा होता त्यात. ताईंचा फोन आला म्हणून काल धुतलं, उन्हात वाळवलं. घरातून बाहेर जाणारं मीठ ते लोक कधी तांबडं देत नाहीत. वाफ्यात पेरायचं ते घरचं, पाहुण्याला द्यायचं ते धुतलेलं.

म्हणजे माझ्या फोनमुळे. हे जिवाणू गोड्या पाण्यात टिकत नाहीत, फुगून फुटतात, आणि पाण्यात मिठाचे खडेही विरतात, आतले थेंब मोकळे होतात. न कळवता नुसतं जाऊन उभ्या राहिलो असतो तर डबा जसा होता तसा मिळाला असता. मी विचारलं, गोड्या पाण्यात धुतलंत का, आणि माझा आवाज बहुतेक चढला होता.

सुनंदाने कमरेवर हात ठेवले. "गोड्या पान्यात मीठ धुवायला मी काय पुन्याची हाय?"

काका हसायला लागले. सुनंदाला हसू आलं नाही. आगऱ्याच्या पोरीला हे विचारायचं असतं का, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मीठ मिठाच्याच पाण्यात धुतात. पाण्यात इतकं मीठ घालायचं की आणखी विरघळेना, मग त्यात खडे बुडवून हलवायचे. वरचा मळ जातो, खडा झिजत नाही. मिठागरावर वाफ्यातलंच पाणी घेतात, इथे तिने दुकानातलं खडामीठ वापरलं होतं.

केतकी गुडघ्यांवर बसली आणि भिंग काढलं. एक खडा, दुसरा, तिसरा. मग ती म्हणाली, "आत थेंब आहेत, ताई. काहींत आहेत."

धुतलेलं पाणी कुठे आहे विचारलं तर सुनंदाने ते सवयीप्रमाणे माडाच्या मुळाशी ओतलं होतं, माडाला मीठ लागतं म्हणून. टोपाच्या तळाला मात्र गुलाबी गाळ चिकटून सुकला होता. तो खरवडून घेतला. खडे अकरा बाटल्यांत, गाळ तीन बाटल्यांत. लेबलं मी लिहिली. आता भीती दुसरी होती : दुकानातल्या मिठातही असेच दुसरे जिवाणू असतात. जे उगवेल ते आपलं कशावरून?

निघताना मी सुनंदाची माफी मागितली. ती म्हणाली, असूदे, तुमाला कसं ठाऊक असनार. काकांनी डब्यात मूठभर मीठ मागे ठेवून घेतलं. पेरायला वाफा नव्हता तरी.

परतीची फेरीबोट

बोट सुटायला वेळ होता. केतकी थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी बोलत होती. उगवलं तर या वेळी लगेच दोन डबे करू. "दुसरा तुम्ही स्वतः नेऊन ठेवा, ताई. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला नको."

मी म्हटलं, "गेल्या वेळीही मीच ठेवायचा होता."

तिला समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. चावी, खूण, सोमवारची सकाळ, टाकून दिलेला डबा. क्रमाने सांगितलं, मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही. बोट सुटली होती. पाण्याकडे माझं लक्षही नव्हतं.

तिने एकच विचारलं. "मी समोरच्या इमारतीत शोधत होते तेव्हा?"

"तुझ्याबरोबर शोधत होते."

ती उठली. डबा घेऊन बोटीच्या दुसऱ्या कडेला गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली. आगरदांडा येईपर्यंत मी तिची पाठ पाहत होते. डबा ती खाली ठेवत नव्हती. पुण्यापर्यंतचा प्रवास कसा झाला हे मला लिहायचं नाही. बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली एवढं लिहिते.

पुणे

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं आणि लेखीही दिलं. फ्रीझरचं काम तूर्त माझ्याकडे नाही. काढून घेतलं ते योग्यच केलं. चौदा बाटल्यांचे चौदा चंबू केतकीने लावले. खड्यांची वरची साल खाऱ्या पाण्याने आधी काढली आणि मगच ते विरघळवले. मी काचेपलीकडून पाहायची. पहिला आठवडा काही नाही. दुसरा आठवडा काही नाही. रोज सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडताना मला तो जानेवारीतला सोमवार आठवायचा. एकोणिसाव्या दिवशी पाच चंबू तांबूस झाले.

जीन वाचून यायला आणखी आठ दिवस लागले. पाचांपैकी चार दुकानातल्या मिठाचे निघाले. एक आमचा होता, खड्याच्या आतल्या थेंबातून आलेला.

केतकीने ही बातमी दारात उभं राहून सगळ्यांना एकदम सांगितली, त्या सगळ्यांत मीही होते. सुनंदाकडे तिने स्वतः फोन केला. बोटीतल्या त्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणते.

संध्याकाळी ती समोरच्या इमारतीतून येताना दिसली. हातमोजे अजून हातात होते. मी जिन्यात थांबले आणि विचारलं, दुसऱ्या डब्याची नोंद कुठल्या यादीत केली.

"यादी नाही केली, मॅडम," ती म्हणाली. "नेऊन ठेवला."